भाचीचा पाय धरायचा कोणी?

आमच्या घरी दोन कबड्ड्या नांदत होत्या. एक शाळेची, दुसरी माझ्या माहेरच्या गावची. दोन्ही एकाच पोरीवर हक्क सांगायच्या, आणि पोरगी माझी असल्यामुळे भांडण शेवटी माझ्यापर्यंत यायचं. मी एसटीत कंडक्टर आहे. भरल्या गाडीतली भांडणं मिटवणं हे माझं रोजचं काम, तेव्हा हेही मी चुटकीसरशी मिटवीन याची मला पक्की खात्री होती.

लेक तेव्हा नववीत होती. शाळेचे खेळाचे सर सकाळी सराव घ्यायचे. शाळा सुटली की ती माझ्या माहेरी जायची. तिथे माझ्या भावजयीने गावातल्या बायकांचा संघ बांधला होता. शेतात धानाची रोवणी आटोपली की कापणीपर्यंत बायकांना जरा उसंत मिळते. त्या दिवसांत सराव करायचा आणि दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईत, म्हणजे जत्रेत, सामने खेळायचे, अशी त्यांची रीत. मधला रस्ता जंगलाचा आणि जंगल वाघाचं, म्हणून दिवस बुडायच्या आत माझा भाऊ लेकीला मोटारसायकलवर घरी आणून सोडायचा.

एकदा सरांनी मला बसस्टँडवरच गाठलं.

"बाई, पोरगी वर्गात झोपून राह्यली. दोनातलं एक कायतरी ठेवा."

"मग शाळेचं सोडते," मी म्हटलं. "खरा खेळ तर ते तिकडेच शिकून राह्यली."

सर चिडले नाहीत. शनिवारी मैदानावर या, एवढंच म्हणाले. मी गेले, तेही जरा तोऱ्यातच. सरांनी आठवीतली एक काडीपैलवान पोरगी कोपऱ्यात उभी केली आणि माझ्या लेकीला चढाईला पाठवलं. लेक झपकन आत गेली, वळली, आणि त्या पोरीने खाली वाकून तिचा घोटा धरला. लेक जागीच थांबली. ना उडी, ना ओढ. लुगडं खिळ्याला अडकल्यावर बाई जशी खाली पाहते, तशी नुसती पायाकडे पाहत राहिली.

"पाय धरला की थांबते," सर म्हणाले. "जिल्ह्याच्या सामन्यात हिले चढाईले कशी पाठवू? असंच राह्यलं तर राखीव ठेवा लागन."

लेकीचे डोळे भरले. त्या एका संघासाठी ती वर्षभर पहाटे उठत होती. 'राखीव' हा शब्द तिच्याइतकाच मलाही झोंबला. चूक शाळेचीच असणार, असं मनाशी ठरवून मी त्याच संध्याकाळी तिच्यासोबत माहेरी गेले.

मैदानाच्या कडेला उभी राहून पाहिलं. लेक चढाईला गेली की बायका तिला घेरायच्या, कमरेला मिठी मारायच्या, हात धरायच्या. पण गुडघ्याच्या खाली एकही बाई वाकेना.

"वयनी," मी ओरडले, "पाय काऊन नाई धरत तिचा?"

भावजयीने जीभ चावली. "अवो बाई, भाचीचा पाय ओढू? पाप लागन ना!"

आमच्याकडे भाची म्हणजे देव. ती पाळण्यात असली तरी मामा-मामी तिच्या पाया पडतात. आणि माझं माहेर म्हटल्यावर त्या गावची प्रत्येक सून माझ्या लेकीची मामीच. म्हणजे मैदानावर अख्खा मामींचा संघ! माझ्या भावजयीने घोटा धरला की मंडईत भल्याभल्या बाया आडव्या व्हायच्या. घरच्या पोरीला मात्र त्या पकडीची ओळखच नव्हती. मी त्याच गावात वाढलेली, तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझं डोकं तापलं.

"तुमच्या भक्तीपायी पोरगी बाहेर बसन!" असं म्हणून मी पदर खोचला आणि स्वतःच लेकीचा पाय धरला. आईला कसलं आलंय पाप? तिने एक झटका दिला आणि मी चिखलात. तिकिटं फाडणाऱ्या हातांत तेवढाच जोर. बायका पोट धरून हसल्या.

लेक हसली नाही. "मामी, तुम्ही धरत नसान तर मी उद्यापासून येत नाई," ती म्हणाली. "मले राखीव नाई बसायचं."

  भावजयीने डोक्यावर पदर घेतला. मग ती मैदानाच्या मधोमध आली, वाकली आणि लेकीच्या दोन्ही पायांवर कपाळ टेकवलं.

"माफी द्या, भाचीबाई," ती म्हणाली. "आता या चढाईले."

पुढच्याच चढाईत तिने घोटा असा धरला, की लेक तोंडावर आपटली. एका म्हातारीने "अगं माय!" म्हणून डोळे झाकले. 

"उठा, भाचीबाई! ओढा! रेषा गाठा!" भावजय ओरडत होती आणि पाय काही सोडत नव्हती.

त्यानंतर मी सरांना जाऊन भेटले. एक दिवस शाळा, एक दिवस मामी आणि रविवारी झोप, असं ठरलं. मी ठरवलं असं मी सांगते. सर म्हणतात, त्यांनी.

जिल्ह्याच्या सामन्यात लेक संघात होती. समोरच्या उंच पोरीने तिचा घोटा धरला. लेक थांबली नाही. पडली, सरपटत गेली आणि तिची बोटं रेषेपलीकडे टेकली. मी इतकी ओरडले, की दुसऱ्या दिवशी गाडीत आवाजच फुटेना. सामना आम्ही थोडक्यात हरलो, पण लेकीला बाहेर बसवायची गोष्ट सरांनी पुन्हा काढली नाही.

सामना संपल्यावर लेक पायरीवर बसून रडत होती. घोटा सुजला होता. सामना पाहायला आलेली भावजय शेजारी बसली, तिने पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि तो पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. चार लोकांत मामीने पाय चेपावा, याने लेक ओशाळली आणि पाय मागे घेऊ लागली.

"सोडा ना, मामी."

"सुटून दाखवा," भावजय म्हणाली आणि तेल चोळत राहिली.