वॅक्सिंगच्या सकाळी तेल

शेजारणींनो, पत्रिका फ्रिजवर लावून तारीख विसरलात ना? परवा माझ्या नातीचं, रेवतीचं लग्न आहे. मी बोलतेय, टाइप तीच करतेय.

आज इथे बंगळुरात, येलहंक्याच्या पार्लरमध्ये तिचं पहिलंच वॅक्सिंग होतं. दुखेल म्हणून घाबरली होती. मी सकाळी तिच्या हातापायांना कोमट तेल चोळलं. आमच्याकडे शुभकार्याआधी चोळतातच.

पार्लरवाली म्हणाली, "अज्जी, तेलावर वॅक्स धरत नाही. उद्या हिला तेल न लावता आणा."

रेवती म्हणाली, "अज्जी, स्वल्प तरी कमी चोळायचं!"

मला हसू आलं नाही, रडूही नाही. उद्या तेल नाही, परवा ती सासरी; माझ्या हातचं तेल तिला आज शेवटचं लागलं, एवढं कळलं. तुम्ही लेकीला शेवटचं कधी चोळलंत, आठवतं?

उद्या दुपारी आम्ही पुन्हा पार्लरमध्ये असू, कुणीतरी दहीभात पाठवा. तेलकट काही नको.