देव्हाऱ्यातल्या लाल गोळ्या

आजही कुणी लोहाच्या गोळ्यांना 'ताकदीच्या गोळ्या' म्हटलं की माझं डोकं सणकतं. औषधाला औषध म्हणा ना, लाड कशाला!

माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळच्या बाळंतपणापासून आईच्या अंगात रक्त म्हणून नव्हतं. चार पायऱ्या चढली की धापा टाकायची. आम्ही जबलपूरला दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. लढाई सुरू होती, बाबांना डबल ड्यूटी. तरी त्यांनीच तिला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी लाल, गोड कवचाच्या गोळ्या दिल्या. "चाय के साथ मत लेना, और बच्चों के हाथ न लगे," असं दोनदा बजावलं.

आईने बाटली देव्हाऱ्यात ठेवली. आंघोळीशिवाय देवाला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. तेव्हा तिथे कोण जातंय! रोज संध्याकाळी दिवा लावून ती आम्हाला खडीसाखर द्यायची आणि स्वतः एक गोळी कपाळाला लावून तोंडात टाकायची. हळूहळू तिच्या गालांवर लाली आली. आम्ही खूश होतो.

धाकटी दोन वर्षांची. एका सकाळी तिला आंघोळ घालून आई कपडे वाळत घालायला गेली. मी आत आले तर बया देव्हाऱ्यापुढे मांडी घालून बसलेली, ओठ लालभडक, बाटली रिकामी. "पसाद संपला," म्हणाली. मग ओकायला लागली, ती थांबेचना. आई आणि शेजारच्या काकू धावत आल्या. काकू आईला म्हणाल्या, "काहून घाबरून राहिली? ताकदीच्याच तर गोळ्या आहेत! पडलं ना सगळं बाहेर!"

आणि दुपारी पोरगी खरंच उठली. वरणभात खाल्ला, माझी वेणी ओढून खिदळली. आईने तिची दृष्ट काढली. दवाखाना राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे हातपाय गार पडले. बाबा ड्यूटीवरून आले होते, तसेच तिला छातीशी धरून पळाले, मागे आम्ही. तासाभरात सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरले होते. "उल्टी हुई, तभी लाना था. बाद में बच्चा अच्छा दिखता है, पर ज़हर अंदर रहता है."

आई रडली नाही. बाईंचा हात धरून एकच विचारत राहिली, "पण ती जेवली ना हो माझ्या हातनं?"

बाईंना मराठी कळत नव्हतं. त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांना ते हिंदीत सांगता आलं नाही.