लपवलेल्या ॲपचा पंचनामा

सक्करदऱ्यातील ती बेपत्ता सून आणि तिचा नीटनेटका फोन मला निवृत्तीनंतरही स्वस्थ बसू देत नाहीत. अलीकडे आमच्या वसाहतीच्या मोबाइल गटावर एका सद्गृहस्थांनी संदेश टाकला : ‘घरच्या मुली-सुनांनी लपवलेली ॲप कशी शोधावीत?’ त्याखाली पसंतीच्या उभ्या अंगठ्यांची रांग लागली. मी त्यांना लेखी पत्र पाठवले, उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवले, तेही त्यांनी पचवले. म्हणून नावे न घेता सक्करदऱ्याचा तो प्रकार येथे मांडतो.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी सासरा, सासू आणि नवरा असे तिघे आले. सासऱ्यांनी रुमालात गुंडाळलेला फोन माझ्या टेबलावर ठेवला.

“साहेब, सून सकाळी देवळात जातो म्हणून गेली ते आलीच नाही. माहेरी विचारलं, तिथंबी नाही. सगळं या फोनमंधी आहे.”

“काय आहे?”

“स्क्रीनवर चारच ॲप, अन् फोन भरला म्हणून दाखवते,” नवरा म्हणाला. “बाकीचे एका कप्प्यात लॉक करून ठेवले. आमच्या घरी कोणाच्या फोनले लॉक नसते साहेब. हिलेच काहून पाहिजे?”

“सरळ बाई लपवून ठेवते काय काही?” सासूने शिक्कामोर्तब केले.

त्यांचा संशय गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदारावर होता. लपवण्याची विद्या त्यानेच तिला शिकवली, त्यानेच तिला पळवली, सबब त्याला उचला आणि हा कप्पा आमच्यासमोर उघडा, अशी सासऱ्यांची मागणी होती.

“‘उचला’ असा शब्द कायद्यात नाही,” मी म्हणालो. “आणि फोन तुमच्यासमोर उघडला जाणार नाही.”

सासरे संतापले. मी बेपत्ता झाल्याची नोंद घेतली, वर्णन लिहून घेतले, दोन पंच बोलावून फोन ताब्यात घेतला आणि सायबर शाखेकडे पाठवला. एक गोष्ट मात्र तेव्हापासूनच खटकत होती. घर सोडून पळणारे माणूस एकवेळ चप्पल विसरेल, फोन विसरत नाही. हिने तो मुद्दाम मागे ठेवला होता. आपल्याला कोणी शोधू नये, ही तिची इच्छा असावी. किंवा तिचे काही बरेवाईट झाले असावे. दुसऱ्या शक्यतेने मला खुर्चीत बसवेना.

दुकानदाराला चौकशीसाठी बोलावले. गडी घाबरलेला होता, पण जिभेचा धारदार.

“साहेब, मी तर रोजच लोकांचे ॲप लपवून देतो. कोणी बँकेचं लपवते, कोणी गेम. त्या ताईच्या फोनवर सासू भजनं पाहे, नणंद व्हिडिओ पाहे. कोणाचं बोट कुठंबी लागे. म्हणून त्या म्हणाल्या, भाऊ, माझं सामान आतल्या खोलीत ठेवून द्या. तेवढंच केलं. काकाजींचंबी मीच लपवून दिलं ना!”

“कोणाचे?”

“हे बाहेर बसले ना, त्यांचं. रमी. म्हणे, काकूले दिसलं नाही पाहिजे.”

बाहेर बाकावर कोणी तरी जोरात खाकरले. पाठोपाठ सासूचा आवाज आला, “काय म्हणते तो? रमी?”

दुकानदार दिवसभर गिऱ्हाइकांत होता, हे शेजारच्या दुकानांत विचारून पक्के केले आणि त्याला घरी पाठवले.

संध्याकाळी सायबर शाखेचा फोन आला. कप्प्यात बँकेचे ॲप होते, इंग्रजी बोलायला शिकवणारे एक ॲप होते आणि तिसरे होते गर्भवतींसाठीचे : बाळ आता केवढे झाले, कोणती गोळी घ्यायची, तपासणी कधी. ना परपुरुष, ना प्रेमप्रकरण.

मी लिहून घेतलेले तिचे वर्णन पुन्हा वाचले. साडीचा रंग होता, हनुवटीवरचा तीळ होता, पायातल्या जोडव्यांचाही उल्लेख होता. गरोदरपणाचा नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी कुटुंबे हंबरडा फोडत ठाण्यात येताना पाहिली. घरातली गरोदर बाई हरवली, तर माणसे आधी तेच सांगतात, नाव मागून सांगतात. हे तिघे गप्प का राहिले?

नवऱ्याला एकट्याला आत घेतले.

“पत्नी गरोदर आहे, हे माहीत होते?”

“हो.”

“मग सांगितले का नाही?”

“आई म्हणे, तेवढं नको सांगू.”

“आज सकाळी कुठे जायचे ठरले होते?”

“बाहेरगावी. एका डॉक्टरकडं दाखवाचं होतं.”

“काय दाखवायचे होते?”

त्याने मान खाली घातली. “मोठ्या भावाले दोन्ही पोरीच झाल्या. आई म्हणे, यावेळी आधी पाहून घेऊ.”

गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, ते मागणाराही गुन्हेगार आहे. आणि हे महाभाग सुनेचे वाकडे पाऊल सिद्ध करायला निघाले आणि स्वतःविरुद्धचा पुरावा रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून बसले होते!

त्या ॲपमध्ये पुढच्या तपासणीचे ठिकाण नरखेड तालुक्यातल्या एका गावचे आरोग्य उपकेंद्र असे टिपलेले होते. तिच्या आईला फोन लावला, तेव्हा कळले की त्या गावात तिची विधवा मावशी संत्र्याची बाग सांभाळते. सासरच्यांनी माहेर पालथे घातले. या मावशीला कोणी विचारलेही नव्हते. विधवा म्हणून तिला ना लग्नात पुढे येऊ दिले, ना कधी सणाला बोलावले. ती त्यांच्या गणतीतच नव्हती.

सकाळी महिला अंमलदाराला घेऊन मी बागेत पोहोचलो. मावशी दारात आडवी उभी राहिली.

“कोणाच्या बाजूनं आले, ते आधी सांगा.”

“कायद्याच्या.”

“अन् कायदा कोणाच्या बाजूनं आहे?”

“या खेपेला तुमच्या.”

तेव्हा कुठे ती बाजूला झाली. मुलगी सुखरूप होती. तिने सासरचे काही विचारले नाही. पहिला प्रश्न केला, “साहेब, माझा फोन कोणी कोणी पाहिला?”

“सायबरच्या माणसांनी, पंचांसमोर, आणि मी. सासरच्यांना दाखवलेला नाही.”

ती म्हणाली, “मी काही चोरलं नव्हतं साहेब. त्या घरात माझ्या पेटीले कुलूप नाही, न्हाणीले कडी नाही. तेवढीच एक जागा माझी होती.”

तिचा जबाब नोंदवला : त्या डॉक्टरकडे जायचे नव्हते म्हणून ती निघाली आणि माग लागू नये म्हणून फोन मागे ठेवला. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार वैद्यकीय प्राधिकाऱ्यांना असतो. त्यांच्याकडे जबाबासह अहवाल पाठवला आणि कारवाई सुरू होईपर्यंत स्मरणपत्रांचा मारा थांबवला नाही. छळाचा गुन्हा आमच्या ठाण्यात दाखल झाला. ती मावशीकडेच राहिली.

फोन परत घेण्यासाठी ती ठाण्यात आली, तेव्हा नवराही चौकशीसाठी आलेला होता. तिने फोन उघडला आणि तपासात बाहेर निघालेली तिन्ही ॲप एकेक करून पुन्हा त्या कप्प्यात टाकली.

“आता तर सगळ्यांनी पाहिलं,” नवरा म्हणाला. “आता कोणापासून लपवून राहिली?”

“लपवून नाही राहिली,” ती म्हणाली. “आवरून राहिली.”

ती नवा पासवर्ड टाकू लागली. मी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिले. नवरा मात्र टाचा उंचावून तिच्या बोटांकडे पाहत होता. मी त्याचा खांदा धरून त्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले.

झाकलेली प्रत्येक गोष्ट काळी नसते आणि घराच्या नावाखाली चाललेली प्रत्येक झडती वैध नसते, हे मला त्या प्रकरणाने शिकवले. वसाहतीतल्या त्या सद्गृहस्थांना आज तिसरे पत्र लिहिले आहे. त्यात एकच प्रश्न आहे : सून पासवर्ड टाकत असताना आपणांस मान फिरवता येते काय?