प्रयोंगचं छत आधी मिटतं

लमूनचा फोटो जगात कुठे कुठे पोचला असेल ते एक बुद्धच जाणे. मेक्लोंगच्या बाजारात रुळांना खेटून बसलेली, डोक्यावर बांबूची पसरट टोपी, पुढ्यात बांगड्यांची परात आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू, अशी म्हातारी ज्याच्या फोनमध्ये नाही तो पर्यटक आमच्या गावात आलाच नाही असं खुशाल समजावं. लोक येतात ते गाडी बघायला. गाडी आली की दोन्ही बाजूंची कापडी छतं मिटायची, पराती मागे ओढायच्या, गाडी नाकासमोरून जाऊ द्यायची आणि पुन्हा पसारा मांडायचा, एवढंच ते नवल. पाहुणे मात्र टाळ्या वाजवतात.

"टाळ्या कसल्या वाजवता मेल्यांनो? मासे घ्या! टाळ्यांवर माझा भात शिजतो का?" लमून खेकसायची. त्यांना अक्षर कळायचं नाही. ते हसायचे आणि आणखी एक फोटो काढायचे.

लमूनच्या समोर, रुळांच्या पलीकडे, प्रयोंग बसते. मिरच्या, लिंबं, गवती चहा, कोथिंबीर. एकीला शिंक आली तर दुसरीच्या कोथिंबिरीची पानं हलावीत इतकं जवळ. पण दोघींचा अबोला. कारण सांगितलं तर बाहेरचे हसतील. प्रयोंगच्या मुलीच्या लग्नात लमूनने पहिल्या घासालाच भर पंगतीत जाहीर केलं होतं, "हा बांगडा आपल्याकडचा नाही." आमच्याकडे बांगडा उकडण्याआधी त्याची मान मोडून टोपलीत गोल बसवतात. त्या वाकड्या मानेवरच आमच्या गावाची अब्रू आहे. मेक्लोंगात कुणाच्या व्याह्याला नावं ठेवली तर चालतं, लग्नातल्या बांगड्याला नाही. प्रयोंगने ताटावरून उठून जाणाऱ्या लमूनला अडवलं नाही आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं गिऱ्हाइकांमार्फत सुरू झालं. "त्या बाईला सांगा, तुझ्या माशांचं पाणी माझ्या कोथिंबिरीवर येतंय." "त्या बाईला सांगा, तेवढीच चव येईल कोथिंबिरीला."

मग लमूनचे कान गेले. एका दिवसात नाही गेले, भरती ओसरते तसे गेले. आधी पाखरं गेली, मग शेजारणींची कुजबुज, मग गाडीची शिट्टीसुद्धा; कुणी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही उमटायचं. तिने कुणालाही कळू दिलं नाही. तिची लेक ओरथाई बरेच दिवस मागे लागली होती की आई, आता पुरे, ती जागा भाड्याने देऊन टाक. हत्तींच्या छापाच्या विजारी विकणारा एक जण टपूनच बसला होता. कान गेल्याचं कळलं असतं तर लमूनला दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं असतं, आणि घरी नवऱ्याच्या फोटोखेरीज कोण होतं तिच्याशी बोलायला? म्हणून तिने सोपी युक्ती काढली. आपणच बोलत राहायचं, समोरच्याला बोलायला उसंतच द्यायची नाही. बांगड्याचं गिऱ्हाईक असं विचारून विचारून काय विचारणार? ताजा आहे का आणि केवढ्याला. ओठ बघून तेवढं कळतं.

उरली गाडी. पण तिचीही सोय झाली होती. प्रयोंगचं छत सगळ्या बाजाराच्या आधी मिटायचं. बाकीच्या जुन्या बायका इंजिन दिसेपर्यंत ढिम्म हलत नाहीत, त्यातच त्यांची मिजास. प्रयोंग मात्र शिट्टी वाजली रे वाजली की बांबू ओढायची, आणि तिचं छत हटलं की समोरचं ऊन थेट लमूनच्या परातीत उतरायचं. बांगडे लख्ख चमकले की लमून समजायची, गाडी आली. मग ती सावकाश उठायची, आपलं छत मिटायची आणि वर तोंडभरून टोमणा मारायची, "बघा ही भित्री! गाडी अजून तिकडे खाडीपाशी असेल आणि हिचा जीव इकडे घशाशी आला." बायका हसायच्या. प्रयोंग मिरच्या निवडत बसायची.

परवा प्रयोंगचा नातू भिक्खू झाला. डोकं भादरलेल्या नातवाला मिरवत सगळं घर विहारात गेलं आणि प्रयोंगची जागा बंद राहिली. छत सकाळपासून मिटलेलंच होतं, त्यामुळे लमूनच्या परातीत दिवसभर ऊन. आज उन्हावरून गाडी कळायची नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. खाली मान घालून ती बांगड्यांच्या माना वाकवत बसली होती. शिट्टी झाली, छतं मिटली, पाहुणे मागे सरकले आणि ओरडायला लागले. त्यांचं तोंड उघडंच असतं नेहमी, लमूनने लक्ष दिलं नाही. एका परदेशी पोरीने तिचा दंड धरून ओढला. लमूनने हातातला बांगडा त्या पोरीच्या मनगटावर हाणला.

"माझ्या अंगाला हात लावतेस?"

तेवढ्यात परातीवर सावली पडली. वर बघते तर इंजिन. ड्रायव्हरने ब्रेक मारला, आमच्या बाजारात गाडी माणसाच्या चालीने येते म्हणून बरं, नाहीतर काही खरं नव्हतं. तरी छताचा बांबू मोडला आणि पुढच्या टोपल्यांचा चेंदामेंदा झाला. पोरीने तिला ओढून धरलं होतं, म्हणून लमून वाचली. ती हातात बांगडा धरून उभी होती आणि सगळा बाजार तिच्याभोवती ओठ हलवत होता.

ओरथाई धावत आली. आईच्या पाठीमागे उभी राहून तिने आधी हळू, मग मोठ्याने, मग रडत हाक मारली. लमून वळली नाही. आता काही लपायचं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओरथाई टोपल्या बांधायला आली. लमून एकाएकी मुकी झाल्यासारखी बसली होती. ओरथाईला अडवायला एकही बाई पुढे झाली नाही. लेक म्हणत होती ते खरंच होतं. गाडी काही दरवेळी थांबणार नव्हती.

तेवढ्यात प्रयोंग आली. रात्री विहारातच राहून थेट आलेली, कालच्या चांगल्या कपड्यांतच होती. रूळ ओलांडून ती सरळ लमूनसमोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत त्या बाजूला तिने पाय ठेवला नव्हता.

"त्या टोपल्या खाली ठेव गं," ती ओरथाईला म्हणाली.

"मावशी, तुम्ही यात पडू नका. हिला ऐकू येत नाही, तुम्हाला कल्पना नाही—"

"मला कल्पना नाही? दोन वर्षं झाली, मला ठाऊक आहे. नव्या वर्षाच्या सणाला सगळे एकमेकांवर पाणी उडवत होते, तेव्हा मीच हिला हाक मारली. म्हटलं, लमून, झालं गेलं विसर, मासा बाहेरचाच होता, चुकलं माझं. ही ढुंकून बघेना. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, मी हिला एक सणसणीत शिवी हासडली. ही गप्प! आपली लमून, शिवी ऐकून गप्प? तेव्हाच समजले मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? हिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचं तर सगळ्या बाजाराला ऐकू गेलं असतं. दुसऱ्या दिवशी हिच्या जागी चड्ड्या लटकल्या असत्या. म्हणून तोंड मिटलं आणि छत आधी मिटायला लागले. काल मी नव्हते आणि हे झालं." एवढं बोलून तिने मनगटाने डोळे पुसले.

लमून एकीकडून दुसरीकडे ओठ बघत होती. प्रयोंग वाकली आणि तिने लमूनच्या कानाशी तोंड नेऊन तेच सगळं पुन्हा सांगितलं, आता ओरडून, कारण आता कुणापासून काही लपवायचं नव्हतं. पाहुणे थबकून चित्रण करत होते. शेवटी ती म्हणाली, "उद्यापासून माझ्या शेजारी बस. मिरच्यांना वास लागला तर लागू दे. मी आजारी पडले तर माझी सून आहे, तिलाही सांगून ठेवते. ओरथाई, तुझं काही म्हणणं आहे?"

ओरथाईने मान हलवली आणि बांधलेली टोपली सोडायला घेतली.

लमून उठून उभी राहिली. मग तिने विचारलं, आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नसल्यामुळे अख्ख्या बाजाराने ऐकलं, "मी तुला रोज भित्री म्हणायचे. ते ऐकू यायचं तुला?"

"रोज," प्रयोंग म्हणाली. तिला कळलं नसेल म्हणून पुन्हा कानाशी जाऊन ओरडली, "रोज ऐकायचे."

लमूनने मासळीचे हात तसेच प्रयोंगच्या चांगल्या कपड्यांवर टाकले आणि भर बाजारात तिच्या गळ्यात पडून रडली.