दादाची जर्मन, माझी जपानी

सकाळी फोन वाजला की तो दादाचा, आणि दादाचा म्हणजे भांडणाचा, हे माझ्या घरात ठरलेलं. त्या दिवशीही मी उत्तर तयार ठेवूनच फोन उचलला. पलीकडे वहिनी होती. "वन्सं, हे गेले हो..."

शनिशिंगणापूरला आमच्या घरामागच्या शेडमध्ये दोन जुन्या स्पोर्ट्स कार उभ्या आहेत. चंदेरी जर्मन दादाची, लाल जपानी माझी. दादा हाडांचा डॉक्टर, मी नगरला राहून कॉलेजात गणित शिकवणारी. पण गाड्यांचा विषय निघाला की दोघंही शाळकरी पोरं! "संग्रहाला जर्मनच," तो म्हणे. "दार लावल्याचा आवाज ऐक. इतक्या वर्षांनी सुटा भाग मागव, नवा येतो. तुझ्या डब्याला फक्त गंज वेळेवर येतो." गंजाचं खरं होतं, सुट्या भागांसाठी तर मी रडकुंडीला येई. पण माझी एका चावीत सुरू व्हायची, आणि इंजिनाचा आवाज असा चढत जायचा की अंगावर काटा! "तुझी झाकून ठेवायची, माझी पळवायची. एकदा चालवून तर बघ," मी म्हणे. "त्या डब्यात मी पाय ठेवणार नाही." जपानी चांगली आहे, एवढं एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं मला. धाकट्या बहिणीला आणखी काय हवं असतं?

जर्मन आली त्या दिवशी सारी आळी लोटली. शेजारच्या किसनतात्यांनी हौसेनं पुढचं झाकण उचललं आणि बोंब ठोकली, "डॉक्टर, घात झाला! विंजन न्हाई! शिंगनापुरात चोरी झाली!" जिथं घरांना दारं नाहीत, त्या गावात भर दुपारी चोरी... बायकांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले. दादानं हसत हसत मागचं झाकण उघडलं. तात्यांनी वाकून आत पाहिलं. "आरं, मागं हाय व्हय? म्हंजी बैल गाडीच्या मागं जुपलाय!" मला भांडायला जन्माची शिदोरी मिळाली.

शेडलाही दार नाही, चाव्या गाडीतच. दादाला जाऊन महिना झाला तरी तिकडे जायचा धीर होत नव्हता. परवा गेले. जपानीत बसले, तर पाय क्लचपर्यंत पोचेचना. सीट पार मागे सरकवलेली. आमच्या घरात एवढ्या लांब तंगड्या एकट्या दादाच्याच!

वहिनी शेडच्या तोंडाशी उभी होती. "रोज सकाळी घोडेगावपर्यंत चक्कर मारायचे हीच घेऊन," ती डोळे पुसत हसली. "आले की तुम्हाला फोन. तुम्हाला सांगायचं नाही, म्हणायचे. त्या दिवशीही चक्कर मारूनच आले होते..."

"दादा, हरलास!" मी ओरडले, आणि मग रडू आवरेना. चावी फिरवली. एका झटक्यात सुरू झाली.

सीट मात्र मी पुढे घेतलेली नाही. पाठीशी दोन उशा ठेवून चालवते.