आप्पांची भरलेली डिस्क

आमच्या आप्पांचा कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात चहा करून पिऊनही व्हायचा. गेल्या दिवाळीत मी माहेरी सोलापूरला गेले, तर आतली हार्डडिस्क टकटक वाजायला लागलेली. आज जाईल की उद्या, काही भरवसा नाही. मी नवी एसएसडी आणली. जुनी एक टीबीची, नवी पाचशे जीबीची. आप्पांकडे असून असून असणार काय?

आप्पा चिंचोळी एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. त्यांनी नवी डिस्क उलटीपालटी करून पाहिली. "मोठ्या पायपातलं बारक्या पायपात घालायचं? रिड्यूसर लागंल की गं."

"आतलं सामान कमी असलं की बसतं, आप्पा," मी ऐटीत सांगितलं.

बसेना. जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवणारा क्लोनिंगचा प्रोग्राम म्हणाला, जागा पुरत नाही. काय बाई साठवलंय या माणसानं, म्हणून उघडून बघितलं, तर एकच व्हिडिओ. आईचा. आई, आई कॉपी, आई कॉपी दोन, कॉपी तीन... दोनशेच्या वर!

आईला जाऊन चार वर्षं झाली. त्याच्या आदल्या वर्षी आप्पांनी नव्या मोबाइलवर तो काढलेला. आई गहू निवडतेय आणि त्यांना दम देतेय, "आवो, बास करा की आता, गॅस बघा जरा." बंद कसं करायचं ते आप्पांना कळलं नाही, म्हणून वीस मिनिटं चाललंय. आईचा आवाज आमच्याकडे एवढाच आहे.

"आप्पा, ह्या कॉप्या उडवते. एक ठेवते."

"हात लावायचा न्हाय."

माझं डोकंच फिरलं. "अहो, सगळ्या सारख्याच आहेत! डिस्क मेली तर एकही राहायची नाही, मग बसा बोंबलत!" माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मला मान्य आहे.

आप्पांनी पडद्यावरच्या कॉप्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्या बघून झाल्याल्या हायत. कॅशेट लई वाजवली की आवाज घोगरा हुतो. तुज्या आईची भजनाची कॅशेट तशीच गेली. म्हणून बघायच्या आदी कॉपी मारतो, अन् ती कॉपी बघतो. पैली फाइल म्या कदी लावलीच न्हाय. कॉपी मारून बी ती झिजंल, म्हणून त्ये बी बेतानंच."

"मग बघितलेल्या ठेवल्या कशाला?"

"टाकायच्या कशा? तिचाच आवाज हाय की त्यात."

माझा राग कुठल्या कुठे गेला, रडूच कोसळलं. डोळे पुसून मी त्यांना समजावलं, की फाइल झिजत नसते. पटेना. शेवटी सगळ्यात जुनी कॉपी लावली आणि मग मूळ फाइल. ती उघडताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. आईनं दोन्हीकडे तेवढ्याच जोरात दम दिला.

"उडीव," आप्पा म्हणाले.

आधी मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेतली. मग कॉप्या उडवल्या, आणि दुपारभरात सगळं नव्या डिस्कवर नीट बसलं. कॉम्प्युटर झटकन चालू झाला. आप्पांचं त्याकडे लक्षच नव्हतं.

"म्हंजे, कितीबी येळा बघितलं तरी काय हुत न्हाय?"

"काही होत नाही, आप्पा. दिवसभर बघा."

ते पडद्याकडे बघत राहिले. "मग म्या चार वरसं उगंच फकस्त रविवारचं बघत हुतो की गं."