वसीमनं मागितलेली माफी

दूधकट्ट्यावर बादशहा जमादाराचा एकच कायदा होता. त्याच्या म्हशीची धार काढताना कुणी आवाज चढवायचा नाही. संध्याकाळी पाचला तो चंद्रीला घेऊन कट्ट्यावर यायचा, गिऱ्हाइकं आपापला ग्लास घेऊन उभी राहायची आणि कासेतनं थेट ग्लासात धार पडायची. फेस वर आला की तिथंच उभ्या उभ्या प्यायचं आणि मिशा पुसायच्या. पण मध्येच कुणी मोठ्यानं हसलं, ओरडलं, की चंद्री पान्हा चोरायची. मग बादशहाची जीभ सुटायची, तीही दबक्या आवाजात. "तुझ्याच तोंडाला दावं बांधतो बघ आता! म्हस बुजली की रं तुझ्या बोलण्यानं!" लोक त्याच्या शिव्या खाऊन त्याचंच दूध प्यायला यायचे, कारण दुधात पाण्याचा थेंब नसायचा.

ह्या कायद्यातनं सूट फक्त एकाला, हंबीररावांना. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस. मलकापूरच्या पुढचा घाट आपण डोळे मिटून उतरवायचो, असं ते स्वतःच सांगायचे. दुसरं कुणी कधी सांगितलेलं ऐकिवात नाही. रिटायर झाल्यापासून जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत तयार असायचं. बादशहा त्यांच्या बडबडीला हसायचा. वीस वर्षांची दोस्ती होती.

वसीम म्हणजे बादशहाचा एकुलता एक पोरगा. उचगावच्या एका वर्कशॉपात फिटर होता. बंद पडलेलं इंजिन दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. हंबीररावांची लूना त्यानं तीनदा खोलून बसवली होती, तेही साधा चहा न घेता. सत्त्याण्णव साली श्रावणात त्याला आखातात नोकरी लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो कट्ट्यावर आला आणि एकेकापुढं हात जोडून म्हणाला, "कहा-सुना माफ करा."

ही जमादारांच्या घरची रीत. लांबच्या प्रवासाला निघायचं तर आधी सगळ्यांची बोलल्या-चालल्याची माफी मागायची. माणूस परत येतो न येतो, कुणाचं मन दुखावल्याचं ओझं संगं नेऊ नये. बादशहाचा बाप हजला निघाला तेव्हा त्यानं अख्ख्या गल्लीची माफी मागितली होती, अगदी ज्याच्याशी गटारीवरनं कोर्टात भांडण चालू होतं त्याचीसुद्धा. हंबीररावांनी वसीमला छातीशी धरलं. "कसली रं माफी मागतोस येड्या? जा, राजा होऊन ये." असं म्हणाले होते. हे ध्यानात ठेवा.

दोन दिवसांनी रेडिओवर बातमी आली. मुंबईहून आखाताकडं निघालेलं विमान समुद्रावर असताना बेपत्ता झालं होतं. बादशहानं एसटीडी बूथवरनं विमान कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईनं नाव विचारलं, यादी बघितली आणि म्हणाली, हो, त्यातच आहेत. शोध चालू आहे.

शोध चालू होता तिकडं समुद्रात, आणि इकडं कट्ट्यावरही. पहिले दोन दिवस माणसं हळू बोलली. तिसऱ्या दिवसापासनं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! जन्मात विमानाची शिडी न चढलेली माणसं विमान कुठं गेलं ते सांगायला लागली. कुणी म्हणालं पेट्रोल संपलं, कुणी म्हणालं पायलट पिऊन बसला असणार. पेंडवाल्या बसवराजनं समुद्रात लोहचुंबकाचा डोंगर असतो असं सांगितलं. ते त्याला त्याच्या मेहुण्यानं सांगितलं होतं आणि मेहुण्याचं किराणा दुकान होतं.

हंबीररावांनी सगळ्यांना गप्प केलं. "विमान म्हंजे काय लेको? एस्टीच की, वर उडणारी! गाडी पडली तर काचा पडत्यात, टायर पडतंय. हितं एक तुकडा घावला काय? न्हाई घावला. म्हंजे पडलंच न्हाई. पळवून न्हेलंय. कुठल्यातरी बेटावर उतरवून ठेवलंय."

बादशहा चंद्रीच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होता. त्याचे हात थांबले. त्यानं कायदाबियदा काही काढला नाही. "मग माणसं, हंबीरराव?"

"माणसं हायती की! माणसांस्नी कशाला मारतील?"

त्या संध्याकाळी बादशहा घरी पळतच गेला. पाच दिवस अन्नाला न शिवलेल्या मेहरुन्निसाला त्यानं सांगितलं, विमान पडलेलं नाही, बेटावर आहे, हंबीरराव म्हणत्यात. आणि तिनं अर्धी भाकरी खाल्ली. तीस वर्षं एसटी हाकलेल्या माणसाच्या शब्दावर एका आईनं अर्धी भाकरी खाल्ली! पुढचे चार दिवस बादशहा रोज हंबीररावांचा ग्लास सगळ्यात आधी भरायचा आणि म्हणायचा, "त्या बेटाचं सांगा की अजून." मूर्ख तर मूर्ख. बापच तो.

पण विमान पळवलं म्हटलं की पळवणारा पाहिजे. तो कोण, ह्याचा विचार बादशहाला शिवलाही नव्हता. हंबीररावांना शिवला. नवव्या दिवशी ते प्रवाशांची यादी छापलेला पेपर घेऊन आले. बादशहा वैरण आणायला गेला होता. हंबीरराव एकेका नावावर बोट ठेवत गेले आणि एका नावावर थांबले.

त्या दिवशी तिथं काय बोलणं झालं ते बादशहाला दुसऱ्या दिवशी कळलं, घरी चौकशीला पोलिसांची दोन माणसं आली तेव्हा. त्यांनी ट्रंक उपसली. वसीमनं काढलेली इंजिनांची चित्रं होती, ती वही घेतली. मेहरुन्निसा भिंतीला टेकून उभी होती. त्यातल्या एकानं विचारलं, "इंजिनातलं सगळं कळत होतं म्हणे त्याला?"

"फिटर होता," बादशहा म्हणाला. "कळणारच की."

"जायच्या आधी गावभर माफी मागत फिरत होता. कशाची?"

बादशहाच्या कानात कुणीतरी तापलेलं तेल ओतावं तसं झालं. माफीचं फक्त कट्ट्याला ठाऊक होतं.

तो तसाच अनवाणी कट्ट्यावर गेला. हंबीरराव बोलतच होते. "आधीच माफी मागून मोकळा! परत यायचं न्हवतंच, म्हणून..." बादशहाला बघून वाक्य तोंडातच राहिलं.

"बोला की!" बादशहा ओरडला. उभ्या आयुष्यात म्हशींच्या मधे तो पहिल्यांदा ओरडला. "थांबला का? तुमची लूना खोलली तवा हुशार हुता त्यो, आता त्येच हुशारीचं पाप झालं व्हय? छातीशी धरलासा त्येला! राजा होऊन ये म्हणालासा! त्या माफीचा पराचा कावळा केलासा, ती माफी म्हंजे काय ठावं न्हाई तुम्हास्नी? माझा बाप हजला निघाला तवा तुमच्या दारात येऊन मागून गेला हुता, त्यो बी विमान पळवायला निघालता काय?"

हंबीरराव पुटपुटले, "आम्ही आपलं नुसतं बोलत हुतो, बादशा."

"नुसतं बोलत हुता! तुमच्या नुसतं बोलण्यावर माझी बायको जेवली! आणि आज तुमच्याच बोलण्यावर माझ्या दारात ही माणसं आली!"

बसवराज बघत होता, पण जमिनीकडं. त्याची जीभ लोहचुंबकाच्या डोंगराला चिकटली होती वाटतं. दुसऱ्या दिवशी निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या म्हशींकडं सरकली. कुणी वाईट बोललं नाही. नुसतं ग्लास घेऊन चार पावलं पलीकडं उभं राहिलं.

तेराव्या दिवशी विमान सापडलं. वादळात सापडून पडलं होतं. पळवलं नव्हतं, बेट नव्हतं, कुणाचा हात नव्हता. एकही माणूस वाचला नव्हता. ज्या बातमीनं वसीमच्या नावावरचा डाग पुसला, त्याच बातमीनं वसीम गेला. पोरगा मेला, तेव्हा कुठं साव ठरला. जिवंत सापडला असता तर हीच माणसं त्याला चोर म्हणत राहिली असती. आणि खरं सांगायचं तर बादशहाला ते चाललं असतं. चोर तर चोर, पण दारात उभा असता!

मग कट्ट्याला वसीमचे गुण आठवायला लागले. मेल्या म्हशीला मणभर दूध! काय पोरगं होतं, काय हात होता, कसं हात जोडून माफी मागून गेलं बघा, जणू कळलंच होतं बिचाऱ्याला. बसवराजनं तर डोळेही पुसले.

मय्यत घरी आली नाही, कबर खणली नाही. चाळिसावा झाल्यावर बादशहानं चंद्रीला पुन्हा कट्ट्यावर आणलं. म्हैस काय, ती घरातल्या दुःखासाठी थांबत नाही. रेडकू बाजूला बांधलं, चरवी घेतली आणि तो खाली बसला.

पुढं दोन पाय येऊन थांबले. हंबीरराव. हातात त्यांचा तो नेहमीचा ग्लास. आवाज इतका बारीक की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये.

"बादशा, कहा-सुना माफ कर बाबा."

बादशहानं मान वर केली. "कुठं निघालाय?"

"आं?"

"ही माफी आमच्यात परवासाला निघताना मागत्यात. वसीमनं मागितली, त्यो गेला. तुम्ही कुठं निघालाय, हंबीरराव?"

हंबीररावांनी ग्लास ह्या हातातनं त्या हातात घेतला.

"कुठं बी न्हाई," बादशहाच म्हणाला. "उद्या बी हितंच, परवा बी हितंच. आणि उद्या दुसऱ्या कुणाचं तरी पोरगं घावंल बोलायला. माफी जाणाऱ्याला करत्यात. ऱ्हाणाऱ्याला न्हाई."

कट्ट्यावर कुणाचा आवाज नव्हता. शेजारच्या म्हशींखालचे हातसुद्धा थांबले होते. एवढ्या शांततेत चंद्रीनं भरभरून पान्हा सोडला होता, सडांतनं दूध आपसूक ठिबकत होतं. हंबीररावांनी सवयीनं ग्लास पुढं केला.

बादशहानं चरवी पालथी घातली, उठून रेडकाचं दावं सोडलं आणि त्याला कासेला लावलं. ते पोट भरून बाजूला होईपर्यंत हंबीरराव रिकामा ग्लास घेऊन तिथंच उभे होते.